जांभळ्या पट्ट्यापलीकडचा पाद्री

माझ्या भावाला, हर्शेल टॅकेटला, आमच्या खोऱ्यात सगळे भला माणूस म्हणतात. लोकांचं काय जातंय म्हणायला? त्यांना त्याच्याबरोबर शिकारीला जावं लागत नाही. मला लागतं.

एकदा वाऱ्यानं त्याची टोपी उडाली आणि शेजारच्या बर्डेट म्हाताऱ्याच्या कुरणात, तारेच्या कुंपणापासून हातभर आत जाऊन पडली. तारेतून हात घातला असता तर टोपी परत डोक्यावर. पण हर्शेल ट्रकमध्ये बसला, अख्ख्या डोंगराला वळसा घालून बर्डेटच्या दारात गेला आणि म्हणाला, "तुमच्या कुरणात माझी टोपी आहे. आणू का?" बर्डेटला वाटलं, याला ऊन लागलं. त्यानं आधी पाणी प्यायला दिलं आणि मग हो म्हटलं.

हे सगळं आमच्या बाबांमुळं. बाबा म्हणायचे, कुंपण म्हणजे दुसऱ्याच्या घराची भिंतच, फक्त तारेची. भिंतीतून हात घालून कोणी लोकांच्या ताटातला घास उचलतं का? बाबांनी हे आम्हा दोघांनाही सांगितलं. मी ऐकलं आणि मोठी झाले. हर्शेलनं ऐकलं आणि तिथंच राहिला.

जन्मभर त्यानं जिल्ह्याच्या कच्च्या रस्त्यांवर ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं पात्याचं यंत्र, चालवला. जिल्ह्याची हद्द आली की पातं उचलायचा, त्यामुळं हद्दीच्या अलीकडे रस्ता पोटासारखा गुळगुळीत आणि पलीकडे नुसते हाडं खिळखिळी करणारे खड्डे. पलीकडच्या जिल्ह्याचे लोक हात जोडायचे, की बाबा, अजून थोडं पुढं ये. हा म्हणायचा, "तुमच्या जिल्ह्यानं विचारलं तर येतो." लग्नही राहिलं. लोकांच्या दारात जाऊन परवानगी मागण्यात एवढा पटाईत माणूस, पण नेमकी तेवढी एक मागायची राहून गेली.

ऑगस्ट लागला की त्याची फेरी सुरू होते. हरणांचा मोसम नोव्हेंबरात, पण ज्याच्या रानात जायचं त्याला आधी जाऊन विचारायचं ही आमच्या ओझार्क डोंगरातली जुनी रीत आहे. बाकीचे लोक फोन करतात, नाहीतर पेट्रोलपंपावर भेटले की विचारून टाकतात. हर्शेल मात्र इस्त्रीचा शर्ट घालतो. बंदूक घरी ठेवतो, कुत्रा ट्रकमध्ये ठेवतो, ओसरीची पायरी चढत नाही. खाली उभा राहून टोपी काढतो, स्वतःच्या परसातल्या टोमॅटोंची टोपली पुढं करतो आणि म्हणतो, "यंदा हरणाला तुमच्या रानात आलो तर चालेल का? नाही म्हणालात तरी टोमॅटो तुमचेच."

सगळे हो म्हणतात. नाही म्हणणारं माणूस एकच. आमची शेजारीण, ओपल गॅडी.

ओपलबाई मुळात अशी नव्हती. तिचा नवरा फ्लॉइड गेला त्याच्या पुढच्या मोसमात शहरातून कोणी दोन शिकारी आले, न विचारता तिच्या रानात घुसले आणि हरीण समजून त्यांनी तिची दुभती शेळी मारली. मेबल नाव होतं तिचं. मेबल पांढरीशुभ्र होती. तिच्या गळ्यात घंटा होती. आता सांगा, हरणाच्या गळ्यात घंटा कोण बांधतं?

त्याच दिवशी ओपलबाईनं जांभळ्या रंगाचा डबा आणला. आमच्या मिझुरी राज्यात झाडावर उभा जांभळा पट्टा दिसला की समजायचं, इथून पुढं खाजगी रान आहे, आलात तर याद राखा. लोक अंतरा-अंतरानं एकेका झाडावर पट्टा मारतात. ओपलबाईनं एक झाड सोडलं नाही. झाडं झाली, कुंपणाचे खांब झाले, दारातली टपालपेटी झाली. मेबलची बहीण मिनी मधे कडमडली, तर तिच्या कुशीवरही एक पट्टा ओढला. तो रंग मिनीनं नवे केस येईपर्यंत मिरवला.

तेव्हापासून दर ऑगस्टला हर्शेल तिच्या पायरीशी उभा राहतो, आणि त्याचं "यंदा हरणाला" एवढं होतंय तोच जाळीच्या दारामागून आवाज येतो, "नाही." मग दार किलकिलं होतं, एक हात बाहेर येतो, टोमॅटोंची टोपली आत जाते. हर्शेल टोपी घालतो आणि शीळ घालत घरी येतो. नकार मिळालेला माणूस शीळ का घालतो, हे मला कधी कळलं नव्हतं.

आता पाद्रीबद्दल. पाद्री म्हणजे आमच्या खोऱ्यातलं सगळ्यात मोठं हरीण. शिंगं अशी की खुर्चीच्या पाठीसारखी. रविवारी सकाळी, लोक चर्चला निघाले की तो रस्त्याकडेला मान वर करून उभा असायचा, आणि हातात बंदूक असलेल्या दिवशी कोणाच्या बापाला दिसायचा नाही. म्हणून पाद्री. हर्शेल किती मोसम त्याच्या मागं होता ते विचारू नका. त्याच्या वाटा, त्याच्या झोपायच्या जागा, सगळं याला पाठ. शेजाऱ्यांची नावं विसरेल, पण पाद्रीची पावलं ओळखेल.

मोसमाचा पहिला शनिवार उजाडला तो भलताच उबदार. नोव्हेंबरात अंगात स्वेटर नको झाला होता. आमच्याच रानात, ओकच्या झाडावर हर्शेलचं मचाण, थोडं खाली माझं. दोघांच्या डोक्यावर शिकाऱ्यांची ती भगभगीत नारिंगी टोपी. ऊन झाडांतून खाली उतरलं, आणि झुडपातून पाद्री बाहेर आला. शनिवारी! मी श्वास रोखला. हर्शेलची बंदूक वाजली. पाद्री उडाला, धावला, धावला, आणि जांभळे पट्टे मारलेल्या झाडांमधून पलीकडे जाऊन कोसळला. दोन-चार वेळा पाय झाडले, पाचोळा उधळला आणि शांत झाला.

मी मचाणावरून जवळजवळ पडलेच. "हर्शेल! अरे पाद्री! पाद्री मारलास तू!" ओरडत, नाचत मी त्याच्याकडे धावले. हर्शेल माझ्यापुढं धावत होता, या वयात हरणासारखा, आणि पहिल्या जांभळ्या झाडापाशी येऊन काचेवर आपटल्यासारखा थांबला.

पाद्री समोर पडला होता. खडा टाकला तर लागेल इतका जवळ.

"आण की," मी म्हटलं.

"पट्टा आहे."

"अरे, गोळी आपल्या रानात लागली. तिथं नुसता मरायला गेलाय तो."

"मेलेल्या हरणासाठीसुद्धा विचारावं लागतं, वांडा."

"कोणाला, ओपलबाईला? ती नाही म्हणेल! तुझं वाक्यसुद्धा पुरं होऊ देणार नाही. आणि हे ऊन बघ. दुपारपर्यंत आतडी काढून पोट साफ केलं नाही तर मांस हातचं जाईल."

ते मात्र त्याला लागलं. मारलेल्या जनावराचं मांस नासू देणं हे हर्शेलच्या लेखी चोरीहून मोठं पाप. एकीकडे पट्टा, दुसरीकडे ऊन. बिचाऱ्याच्या कपाळावर घाम आला.

मी चडफडत पाद्रीकडे बघत होते, तेवढ्यात मला त्याच्या शिंगांशी काहीतरी पांढरं दिसलं. पाय झाडताना त्यानं पाचोळा उडवला होता आणि खालून एक दगड वर आला होता. दगडावर कोरलेली फुली. मी तो दगड लगेच ओळखला. लहानपणी आम्ही त्याच्यावर बसून डबा खायचो. आमची हद्द तिथं संपते. तिथं, त्या दगडापाशी. या जांभळ्या झाडांपाशी नाही!

"हर्शेल," मी हळूच म्हटलं, "तो फुलीचा दगड आहे."

तो बुटांकडे बघायला लागला.

"म्हणजे ओपलबाईनं पट्टे आपल्या रानात मारलेत. म्हणजे पाद्री आपल्या जमिनीत पडलाय. हर्शेल, तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तिनं रंग मारला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

मी पट्ट्यांपलीकडे बोट करून मोजायला लागले. तो झरा आपला. अक्रोडाची झाडं आपली. दर ऑगस्टला हा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून, टोमॅटो घेऊन, स्वतःच्याच रानात यायची परवानगी मागायला जात होता, आणि नकार घेऊन शीळ घालत येत होता!

"आता जाऊन सांगते तिला," मी निघाले.

त्यानं माझा दंड धरला. "नाही सांगायचंस. बाबांची शपथ घे."

"का पण?"

"त्या दिवशी तिची शेळी मारली होती लोकांनी. फ्लॉइड जाऊन वर्ष झालं नव्हतं. रडत रडत रंग मारत होती ती, वांडा, मी लांबून बघितलं. अशा वेळी जाऊन काय म्हणायचं, बाई, तुमचं झाड चुकलं?"

"आणि नंतर?"

"नंतर रंग होताच की. रंग दिसला की मी थांबतो."

मी शपथ घेतली. पण त्याचं समाधान होईना. ओपलबाई इथं आली आणि तिनं दगड बघितला तर? तिला किती ओशाळं वाटेल! दगड झाकायला हवा.

"मग जा आणि पाचोळा टाक," मी म्हटलं.

"कसा जाऊ? विचारलं कुठंय?"

"अरे, तुझी जमीन आहे ती!"

"हो, पण तिला ते माहीत नाहीये ना."

मग माझ्या भावानं जांभळ्या झाडाअलीकडे उभं राहून ओंजळी-ओंजळीनं पाचोळा दगडाकडे फेकायला सुरुवात केली. वारा समोरून होता. सगळा पाचोळा त्याच्याच तोंडावर. मी पोट धरून खाली बसले. शेवटी त्यानं डोक्यावरची टोपी काढली, नेम धरला आणि दगडावर भिरकावली. बंदुकीचा नेम अचूक असणारा हा माणूस, टोपीचा नेम चुकला. टोपी जाऊन पाद्रीच्या शिंगाला लटकली.

"छान," मी डोळे पुसत म्हटलं. "आता टोपीसाठीपण विचार."

बंदुका ट्रकमध्ये बंद करून आम्ही रस्त्यानं वळसा घालून ओपलबाईच्या दारात गेलो. हर्शेल पायरीखाली उभा राहिला. सवयीनं हात टोपीकडे गेला आणि रिकाम्या डोक्यावरून खाली आला.

जाळीच्या दारामागून आवाज आला, "टोपी कुठंय तुमची?"

"तुमच्या रानात आहे, बाई."

"टोपीनं विचारलं होतं का?"

"नाही, बाई. तिच्या वतीनं मी माफी मागतो. आणि एक हरीण पण..."

"नाही."

"बरं, बाई," असं म्हणून हर्शेल मागं वळला. खरंच वळला! परत निघाला!

"बरं काय बरं?" मी किंचाळले. "ओपलबाई, ऐका, ती जमीन..." हर्शेलचा बूट माझ्या बोटांवर येऊन पडला.

"त्या जमिनीचं काय, वांडा?" ओपलबाईनं विचारलं.

"ती जमीन," मी दात आवळून म्हटलं, "फार छान आहे."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. हर्शेलनं घसा साफ केला.

"बाई, एवढं मात्र करा. ऊन चढतंय. तुम्हीच जाऊन त्याचं पोट साफ करा आणि सगळं मांस ठेवून घ्या. वाया जाऊ देऊ नका एवढंच. पाद्री आहे तो."

जाळीमागे पावलं दाराशी आली.

"पाद्री?"

"हो."

"तुम्ही मारलात? आणि मला देऊन टाकताय?"

"तुमच्याकडे पडलाय ना. मला टोपी मिळाली तर बरं, पण तीही तुमच्या सोयीनं."

दार उघडलं. ओपलबाई रबरी बूट घालून, हातात सुरी घेऊन बाहेर आली. मागून मिनी आली. ओपलबाईनं हर्शेलकडे असं बघितलं, जसं आपण एखाद्या न उघडलेल्या पार्सलकडे बघतो. "चला," ती म्हणाली. "बघू तरी."

वाटेवर तिनं जमिनीवरचं रक्त तपासलं, मचाण बघितलं, गोळी कुठं लागली ते बघितलं. गोळी पट्ट्यांच्या अलीकडेच लागली होती. मग ती जांभळ्या झाडांमधून पलीकडे गेली. मिनीही गेली. आम्ही दोघं पट्ट्याशी उभे. हर्शेल हवेत हात हलवत होता, "बाई, तिकडून नका जाऊ, पाय घसरेल! डावीकडून या! शिंगांकडे कशाला, पाय बघा, पाय छान आहेत त्याचे!"

पण माणूस हरणाचे पाय बघायला का जातं? ती सरळ शिंगांकडे गेली. टोपी काढायला वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

मग तिनं बुटानं उरलेला पाचोळा बाजूला केला.

"फ्लॉइड म्हणायचा," ती हळूच म्हणाली, "आपलं रान फुलीच्या दगडापाशी संपतं. त्या दिवशी मी शोधला होता तो. सापडलाच नाही." तिनं वळून जांभळ्या झाडांकडे बघितलं. परत दगडाकडे. "म्हणजे झरा?"

हर्शेल परत बुटांकडे बघायला लागला. दगड तिनं स्वतः शोधला होता, आता कसली शपथ?

"आमचा," मी म्हटलं.

"अक्रोडाची झाडं?"

"तीपण."

"अगं बाई! म्हणजे दर ऑगस्टला मी या माणसाला याच्याच रानात यायला नाही म्हणत होते?"

"आणि वर टोमॅटो ठेवून घेत होतात," मी म्हटलं. आहाहा, किती बरं वाटलं!

ओपलबाईचा चेहरा लाल झाला. "हर्शेल टॅकेट, तुम्ही बोलला का नाहीत?"

हर्शेल तिच्यापेक्षा लाल. "त्या दिवशी मेबल गेली होती तुमची," तो म्हणाला. मग थोडा थांबला, आणि माझ्या भावानं जन्मात केलं नव्हतं ते केलं. परवानगी न मागता मनातलं बोलला. "आणि नंतर, खरं सांगू का बाई, दर ऑगस्टला तुमच्या दारात यायला मला फार आवडायचं. पट्टे बरोबर असते तर मला विचारायला यायचं कारणच उरलं नसतं."

म्हणजे ती शीळ! माझ्या डोक्यात आत्ता उजेड पडला. मी सख्खी बहीण, रोज याच्या समोर बसून जेवते, आणि मला कळलं नाही!

ओपलबाईनं खाली बघितलं. तिचे रबरी बूट दगडाच्या अलीकडे होते, म्हणजे आमच्या रानात. एकदम निखाऱ्यावर उभी असल्यासारखी तिनं टुणकन उडी मारली आणि दगडाच्या पलीकडे, स्वतःच्या जमिनीत जाऊन उभी राहिली. हातातली सुरी खाली ठेवली. डोक्याला बांधलेला रुमाल सोडला आणि दोन्ही हातात धरला. आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"हर्शेल टॅकेट, तुमच्या रानात पाय ठेवला तर चालेल का?"

हर्शेलनं आ वासला. जन्मभर त्यानं लोकांना विचारलं होतं. त्याला असं कोणी कधी विचारलंच नव्हतं. काय उत्तर द्यायचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं. तो माझ्याकडे बघायला लागला, मी आभाळाकडे. तेवढ्यात मिनीनं शिंगावरची टोपी ओढून चघळायला घेतली, आणि तिकडंही कोणाचं लक्ष नव्हतं.

शेवटी हर्शेलच्या तोंडून शब्द फुटले.

"टोमॅटो आणलेत?"

ओपलबाई अशी हसली की झाडावरचे कावळे उडाले. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "नोव्हेंबरात कुठले टोमॅटो? तुमचेच आहेत सगळे. दरवर्षीचे. शिजवून बरण्यांत भरून ठेवलेत, माजघरात फळीवर रांगेनं. एकही उघडली नाही मेली."

"एकही नाही?"

"उघडवेना. आणू का एक?"

"आणा," हर्शेल म्हणाला, आणि मग घाईघाईनं, "नाहीतर मीच येतो उचलायला. आलो तर चालेल का?"

"चालेल," ओपलबाई म्हणाली. तिच्या तोंडून हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला आम्ही.

हर्शेलनं जांभळ्या झाडापलीकडे पाय टाकला. पाय जरा वेळ हवेतच राहिला, सवयच नव्हती त्याला. मग टेकला. दगडापाशी पोचल्यावर तो परत थांबला, ओपलबाईनं मान हलवली, आणि दोघं तिच्या घराकडे चालायला लागली, मधे दोन हातांचं सभ्य अंतर ठेवून, आणि दोघंही उगाचच हसत.

पाद्रीचं पोट मी एकटीनंच साफ केलं, आणि त्याला ट्रकपर्यंत ओढतही मी एकटीनंच आणलं.